पंधरा आणि बासष्ट

बाबा तोल जाऊन बोटीवरून समुद्रात पडले, हे सांगायला कंपनीचा माणूस आमच्या घरी आला. तो मंगळवार होता. मी नववीत होते.

त्याने चहा अर्धा टाकला. आईने विचारलं, "कुठे पडले?"

"वहिनी, समुद्रात."

"समुद्राला काही ठावठिकाणा असतो की नाही?"

तो जरा अडखळला. मग म्हणाला, "पंधरा, बासष्ट," आणि चपला घालू लागला. शोधलं, पण शरीर मिळालं नाही, हे त्याने दारातून सांगितलं.

"बघितलंस?" आई म्हणाली. "एकदा तरी वर मान केली का त्यानं?"

बाबा तेलाच्या बोटीवर इंजिनरूममध्ये काम करायचे. नेरूळचा आमचा फ्लॅट नवा होता आणि शेजारी अजून ओळखीचे झाले नव्हते, त्यामुळे विचारावं असं कोणी नव्हतं. मी शाळेचा ॲटलास काढला. गणितात आम्ही नुकतेच आलेख शिकलो होतो. आधी आडवं मोजायचं, मग उभं. तसंच केलं. पंधरा आडवे, बासष्ट उभे. बोट स्वीडनमध्ये टेकलं. आजूबाजूला जंगल दाखवणारा हिरवा रंग होता.

आईला दाखवलं. तिने त्या हिरव्या रंगावरून बोट फिरवलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

तेव्हापासून तिला सगळ्यातच खोट दिसू लागली. बाबांची बॅग अजून कशी आली नाही? त्यांच्याबरोबरचा कोणीच का भेटायला येत नाही? तिने कुंकू पुसलं नाही. काका कल्याणहून आले. शरीर नसलं तर दर्भाची आकृती करून तिला अग्नी देतात, तेवढं करून घेऊ, असं त्यांनी हळूच सुचवलं.

"भावोजी, जमिनीवर माणूस बुडतो का?"

"म्हणजे?"

तिने ॲटलास त्यांच्या पुढ्यात सरकवला. काकांनी चष्मा लावला, काढला. "वहिनी, हे आकड्यांचं काही खरं नसतं. तुमच्या नेरूळचंच बघा, एका सेक्टरच्या शेजारी भलताच सेक्टर. मी दर वेळी चुकतो."

"म्हणून घर जागा सोडून जातं का?"

काका तसेच परत गेले. जाताना त्यांच्याही मनात शंका होती, असं मला वाटलं.

काही आठवड्यांनी मी ॲटलासच्या मागच्या सूचीत मुंबई शोधली. एकोणीस आणि त्र्याहत्तर. माझ्या पद्धतीने मोजलं तर मुंबई नॉर्वेच्या वर, थंड समुद्रात आली. म्हणजे आम्ही पाण्यात आणि बाबांची बोट जंगलात. आधी मला ॲटलासचाच संशय आला. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंना विचारलं, "आधी कुठला आकडा घ्यायचा?"

"आधी अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून वर किती. मग रेखांश, आडवा. गणित बाहेर ठेवून यायचं माझ्या तासाला."

घरी येऊन पुन्हा बोट ठेवलं. पंधरा वर, बासष्ट आडवे. अरबी समुद्र. जवळ एकही बेट नव्हतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. कंपनीच्या त्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"काकानं पढवलंय ना तुला?"

"नाही गं."

"मग आधी आपलं घर दाखव. तुझ्या नव्या पद्धतीनं."

मी दाखवलं. मुंबईचा ठिपका होता तिथेच बोट आलं. मग बोटीची जागा दाखवली. आईने शिलाई मशीनवरचा दोरा तोडला, मुंबईपासून त्या जागेपर्यंत ताणला आणि तोच दोरा दिल्लीकडे धरला. दिल्ली ओलांडून तो थोडा उरला.

"एवढं कोणी पोहत येतं?"

मी नकारार्थी मान हलवली.

सकाळी तिने मला एसटीडी बूथवर पाठवलं. काकांना एवढंच सांगायचं होतं, या म्हणून. त्यांनी घराजवळच, सारसोळ्याच्या खाडीकाठी आकृतीला अग्नी दिला. आई शेवटपर्यंत उभी होती.

मला मात्र तेव्हाच कळून चुकलं होतं की, त्या दोन आकड्यांच्या जागी समुद्र आहे, एवढंच मी सिद्ध केलं होतं. बाबा तिथे पडले, तोल जाऊन पडले, हे फक्त त्या माणसाने सांगितलं होतं. आईलाही ते कळलं असावं. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

गेल्या वर्षी आई गेली. काय झालं असेल, असं विचारणारी आता मी एकटीच उरले आहे.