सुजलेला हात

धानाची कापणी आटोपली की अर्जुनी मोरगावच्या रिकाम्या बांधीत आम्ही हुतुतू खेळायचो. इंग्रजांच्या अमदानीतल्या एका हिवाळ्यात रेल्वेच्या रुळांवर काम करणारी माणसं आमच्याविरुद्ध खेळायला आली. त्यांच्यातला एक आडव्या अंगाचा गडी मला अजून आठवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. तो नेहमी कमरेलाच धरायचा आणि ज्याला पाडलं त्याच्या पाठीवरची माती स्वतः झटकायचा.

आमच्यातल्या एकाने झटापटीत मुद्दाम त्याचं बोट मुरगाळलं. हात टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने त्याला घण उचलायचा होता. त्याचे सोबती चिडून ओरडले, "आता एकाचा तरी पाय मोड!"

पुढची चढाई माझी होती. त्याने मला उचललं तेव्हा मी डोळेच मिटले. पाठ दणकन आपटली, पण डोक्याखाली त्याचा तळहात होता, तो सुजलेलाच.

"तू काऊन सोडला गा मले?" मी विचारलं.

"सोडलो कुठी? चांगला आपटलो ना!" तो हसला. "आपटनं खेळात येते. पन उद्या तुलेबी कामावर जाचं आहे ना?"

पुढे आठवडाभर पाठ ठणकत होती. ठणकली की मला त्या माणसाची माया यायची.