माती आढळली नाही

त्या उतारावर द्राक्षाची अशी एकही वेल नव्हती, जिचं कलम मामांनी बांधलं नव्हतं. मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. पण पस्तीस वर्षं गुडघे टेकून कलमं बांधणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणायला हवं, म्हणून ते कलममामा झाले आणि गाडीवाल्यांच्या तोंडी तो सगळा भागच 'कलममामांचा उतार' झाला.

मग शहाण्या लोकांच्या डोक्यात आलं, की इथल्या वाईनला सरकारी नाव हवं आणि त्या नावाला हद्द हवी. समिती बसली. पहिल्या सहा बैठकांत अध्यक्षांच्या वडिलांचं नाव सुचवलं गेलं. सुचवणारे अध्यक्षच होते. सातव्या बैठकीत कुणीतरी नियम वाचला, की नाव जुन्या वापरातलं लागतं. द्राक्षांच्या जुन्या पेट्यांवर एकच नाव निघालं, 'कलममामांचा उतार'. नाइलाजाने तेच मंजूर झालं.

मामा हरखले. हद्दीतल्यांनाच ते नाव बाटलीवर लावता येणार होतं आणि रस्त्याकडेच्या आपल्या तुकड्यातली वाईन त्या नावाने विकायची, एवढीच त्यांची हौस उरली होती.

हद्द ठरणार होती माती पाहून. प्रत्येकाने पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवायचा, समिती येऊन आत डोकावणार. मामांनी पहिल्याच दिवशी खणला. समिती सोमवारी येणार होती. ती पुढच्या सोमवारवर गेली, मग त्याच्याही पुढच्या. खड्ड्यात उघडी पडलेली मुळं वाळायला लागली. शेजारी निवांत होते, मामांना मात्र ते बघवेना. बायकोने सुचवलं म्हणून वर पोतं टाकलं, तरी राहवेना. शेवटी मुळं जपत त्यांनी खड्डा बुजवला आणि वरून पाणीही घातलं.

समिती दुसऱ्याच दिवशी आली. सदस्यांनी गाडीची काच खाली केली, खड्डा दिसला नाही, काच वर केली. अहवालात मामांच्या रानापुढे लिहिलं गेलं, 'माती आढळली नाही.' हद्द रस्त्याच्या पलीकडून गेली.

मामा फावडं घेऊनच कचेरीत गेले. म्हणाले, आत्ता खणून दाखवतो. कारकुनाने प्रेमाने समजावलं, की पाहणी संपली आहे. आता माती निघाली तरी ती उशिरा निघालेली धरली जाईल. मामांचा अपमान असा कधी कुणी केला नव्हता. दोन दिवस त्यांना घास गेला नाही.

नव्या हद्दीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी समितीचे सचिव स्वतः दारात हजर. नावाची भलीमोठी पाटी लांबून दिसायला हवी आणि तशी जागा एकच होती, मामांच्या रानाचा कोपरा. शिवाय खड्डा मामांइतका नीट कोण खणणार, असं त्यांनी वर कौतुकही केलं.

मामांनी आतून अहवालाची नक्कल आणली आणि त्या ओळीवर मातीने माखलेलं बोट ठेवलं.

"साहेब, इथं तर मातीच नाही. खांब कशात रोवणार?"

सचिवांनी ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि ते निघून गेले.

पाटी शेवटी रस्त्यापलीकडे, वळणाच्या आड लागली. त्यामुळे लांबून येणारे पाहुणे आधी मामांच्या फाटकाशी थांबतात आणि कलममामांचा उतार कुठे आहे म्हणून विचारतात. मामा हातातलं कलम न सोडता हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवतात.