इंदूबाईनं शाळेत धाडलेली माती

इंदूबाईचा देवावर पूर्ण विश्वास होता, पुजाऱ्यावर मात्र नव्हता. नारळ आत दिला की प्रसादाचा तुकडा आपल्याच नारळाचा आहे, याची खात्री पटेस्तोवर ती देवळाच्या पायरीवरून हलत नसे. एसटीवर राळेगावची पाटी असली तरी कंडक्टरला दोनदा विचारी. "पाटी बदलवाले किती वेळ लागते?" असं तिचं म्हणणं.

अशा बाईच्या घरी श्रावणातल्या एका संध्याकाळी चौथीतली नात अपेक्षा शाळेतून रिकामी बाटली घेऊन आली.

"आजी, वावरातली माती पाह्यजे. रजनी मॅडमनं सांगतलं. चिठ्ठीवर नाव लिवाचं, अन् वावरात काय पेरलं तेही."

"कायले पाह्यजे तिले?"

"हवामान बदलून राह्यलं म्हणे. प्रयोग करणार हाय."

"हवामान आभायात असते. तिले माती कायले लागते?"

इंदूबाईच्या विचारण्याला कारण होतं. आदल्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, तण निंदायला बाया मिळेनात. तेव्हा तणनाशक मारलं तरी कापसाची पऱ्हाटी जळत नाही असं बिनपावतीचं, परवानगी नसलेलं बियाणं गावात आलं. लोक त्याला चोर बीटी म्हणत. इंदूबाईच्या तीन एकरांत तेच उभं होतं. शेजारच्या गावात साहेब लोक येऊन उभी पऱ्हाटी उपटून गेले, अशी बोलवा होती.

रजनी मॅडम रोज यवतमाळहून यायची. तिचा नवरा कुठल्याशा हापिसात होता. कोणत्या, ते गावात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. इंदूबाईला तेवढंच पुरे झालं.

"पोरायच्या हातून पुरावा जमा करून राह्यली ते," ती नवऱ्याला, बबनरावांना म्हणाली.

"अवं, मातीवरून बियाणं समजते काय?"

"तुमाले काय माहीत? रक्तावरून मानसाचं सारं समजते आजकाल."

सकाळी आंघोळ करून तिनं तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, माफी मागितली आणि वृंदावनातलीच माती बाटलीत भरली. अपेक्षा बघत होती.

"आजी, हे तं..."

"तू चूप राय. चिठ्ठीवर आपल्या वावराचं नाव लिव."

तीन दिवसांनी अपेक्षा धावत घरी आली. "आजी, आपली माती पह्यली आली!"

मॅडमनं बाटल्या कापून उलट्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीत ग्लासभर पाणी ओतलं होतं. बाकीच्या मातीवर पाणी तसंच थांबलं. अपेक्षाच्या मातीनं ते पिऊन धरून ठेवलं, वर दोन गांडुळंही निघाली. "मॅडम म्हणे, आता पाऊस एकदम कोसळते, मंग वीस दिवस येत नाही. अशी माती असली तं पीक तरते. उद्या सारा वर्ग आपलं वावर पाहाले येऊन राह्यला!"

"पाह्यलं?" इंदूबाई नवऱ्याला म्हणाली. "कशी बरोबर वावरापावतर पोचली!"

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासूनच वावराच्या धुऱ्यावर विळा घेऊन उभी. पोरांची रांग आली. पुढं रजनी, हातात वही आणि फोन.

"मॅडम, तिथंच थांबा. फोन कायले आणला?"

"फोटोला, काकू. तुम्ही शेणखत किती घालता, तेवढंच मुलांना सांगा."

रांगेतून कपिल ओरडला, "मॅडम, यायच्या घरी शेण कुठलं? बैल तं केवाच इकले!"

"मंग माती खोटी! अपेक्षा खोटारडी!" पोरांनी एकच गलका केला. अपेक्षाची मान खाली गेली ती वर येईना.

इंदूबाईनं एकदा पऱ्हाटीकडं पाहिलं, एकदा नातीकडं.

"ते नाई, मी खोटारडी," ती म्हणाली. "तुळशीतली माती भरली मी. पोरीनं फक्त चिठ्ठी लिवली, तेही माह्या धाकानं."

"पण काकू, का?" रजनीनं विचारलं.

"तुमच्यावर भरवसा नाई म्हून."

रजनीनं तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. पऱ्हाटी हिरवीगार, आणि ओळींमधलं तण पिवळं पडून मेलेलं. तिनं फोन पर्समध्ये टाकला. तिनं काय पाहिलं ते इंदूबाईनं पाहिलं.

"मग आता खरी माती द्या," रजनी म्हणाली. "चिठ्ठी नको."

"तुमचे मालक कोणत्या हापिसात हायेत?"

"पोस्टात."

"सारे कागद पोस्टातूनच जातेत," इंदूबाई पुटपुटली. पण वाकून तिनं माती भरली. बाटली मात्र कुणाच्या हाती दिली नाही. स्वतः शाळेत घेऊन गेली आणि पोरांच्या मागं मांडी घालून बसली.

रजनीनं पाणी ओतलं. ते मातीवर आरशासारखं उभं राहिलं. पोरं बाटलीकडं बघत होती, इंदूबाई रजनीच्या हाताकडं.

"काकू, पाणी खाली का जात नसेल?"

आता कुठं इंदूबाईनं बाटलीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सात वर्सं शेण नाई पडलं त्याच्यात," ती म्हणाली. "पालापाचोळा आमी पेटवतो. तणाले तं जमिनीवर उरूच देत नाई, फवारा..." आणि तिनं जीभ चावली.

रजनीनं फळ्यावर लिहिलं, शेण. खाली लिहिलं, पाचोळा. तिसरा शब्द येतो का, म्हणून इंदूबाई श्वास धरून बसली. रजनीनं खडू खाली ठेवला आणि पोरांना वह्या काढायला सांगितल्या.

तरी फळा पुसला जाईस्तोवर इंदूबाई उठली नाही.