डोहातले जाड मासे

परभणीच्या ऑफिसात उभ्या नोकरीत चिडलो नसेन तेवढा मी यंदाच्या उन्हाळ्यात गोदावरीच्या काठावर चिडलो.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. जेवण तुटलेलं, घास तोंडात घोळवायचे आणि बाजूला काढायचे. एकदा आई बाहेर गेलेली बघून त्यांनी मला जवळ बोलावलं. "नदीचा मासा आण बाबा. जायच्या आदी एकदा भाकरीसंगं खाऊ दे." आई माळकरी, तिच्या कानावर हे जाऊन चालणार नव्हतं. सोनपेठच्या बाजारातून मासा आणला, शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत रांधला, डब्यातून लपवून घरी नेला. वडिलांनी नुसता वास घेतला.

"तळ्याचा हाय ह्यो," म्हणाले आणि डबा सरकवला.

मग रोज सकाळी मी नदीवर. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी म्हणजे एकच डोह, बाकी सगळी वाळू. खिशात रुमालात गुंडाळलेला गळ आणि हातात आईनं दिलेली कणकेच्या गोळ्यांची पिशवी! वडील उठून हिंडूफिरू लागावेत म्हणून तिनं रोज माशांना गोळे घालायचा नवस बोलला होता. तिच्या गुडघ्यांना नदी झेपत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडं. आधी गोळे टाकायचे. मासे तुटून पडायचे, एकमेकांच्या अंगावर चढायचे. त्यानंतर शेवटचा गोळा गळाला लावून मी बसायचो. एक मासा हुंगायला तयार नाही. का हुंगेल? पंगतीतून उठलेल्या पाहुण्यापुढं पुन्हा ताट मांडल्यासारखं ते. गांडुळं लावली, गळ बदलला, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो. हात हलवत घरी.

आज गोळे टाकायचेच नाहीत, असं रोज ठरवायचो. नवसावर माझा काडीचा विश्वास नाही. पण पिशवी हातात आली की वाटायचं, नाही टाकले आणि वडिलांचं काही बरंवाईट झालं तर? हिंमत व्हायची नाही, आणि त्याचाच जास्त संताप यायचा.

शेवटी पावसाचं गढूळ पाणी वरून आलं आणि मासे धरायचा मोसम संपला. त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांपुढं सगळं ओकलो. "आबा, माय माशांना चारायलीय अन् तुमी धरायला सांगायलाव. म्या करू तरी काय?"

पांघरुणाखाली वडिलांचं पोट हलायला लागलं. हसत होते.

"जाड झालेत का रं?"

"लय."

"मग चारू दे तिला आजून. फुडल्या उन्हाळ्यात धर."

सगळा उन्हाळा हा माणूस 'जायच्या आदी' याच्यापुढच्या दिवसांचं काहीच बोलला नव्हता. माझा राग काही गेला नव्हता. रागातच मी गळ पुन्हा रुमालात गुंडाळला आणि आईचा हात पोचणार नाही अशा जागी आढ्याला नीट खोचून ठेवला.