सरांच्या मुठीतली किल्ली

फटाक्याच्या दारूचा वास आला की मला लातूरच्या आमच्या क्लासमागचं काळ्या मातीचं मैदान आठवतं. फिजिक्सच्या सरांनी पुठ्ठ्याचं छोटं रॉकेट केलं होतं आणि ते लांबून उडवायला एक लाकडी डबा. आत बॅटरी, वर घराच्या बेलचं बटण, शेजारी स्कूटरच्या किल्लीचा स्विच. किल्ली लावल्याशिवाय बटण चालायचं नाही, आणि रॉकेटजवळ जाणाऱ्यानं किल्ली काढून सोबत न्यायची, हा सरांचा नियम. उद्घाटनाचे पाहुणे डब्यापाशी उभे राहिले. पूजेशिवाय उडवायचं कसं, म्हणून सर हळदकुंकू घेऊन रॉकेटवर वाकले. इकडे कुणीतरी नारळ फोडला. झाला मुहूर्त, असं समजून पाहुण्यांनी फोटोवाल्याकडे हसून बघत बटण दाबलं. सर अजून वाकलेलेच होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो! "लागंना की हो," म्हणत पाहुण्यांनी बटण पुन्हा जोरात दाबलं. तेव्हा सर वळले. चेहरा पांढराफटक. "साहेब, मी हितंच हाव की अजून," म्हणाले आणि त्यांनी मूठ उघडली. आत कुंकवानं माखलेली किल्ली. टाळीसाठी उचललेले माझे हात तसेच राहिले. आजही घरी वायरमन शिडीवर चढला की मेनचा फ्यूज मी काढून हातात घेते, आणि तो खाली उतरेपर्यंत कुणी चहा दिला तरी मूठ सोडत नाही.