नारळ आणि गोणपाट

आमचं घर बौद्ध, त्यात मी देव न मानणारा. शेजारचे काका नारळ फोडल्याशिवाय पेरणी करत नाहीत. पण सोयाबीनचं बी उगवतं की नाही, हे तेही माझ्यासारखंच आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहतात.

"देव हाय, मंग बी कायले तपासून राह्यले?" मी विचारलं.

"बी आपल्या हातचं हाय. पानी कोन तपासते? नारळ त्याच्यासाठी."

तरी मी नारळाविनाच पेरलं. पावसानं दडी मारली आणि दोघांचंही बी करपलं.

दुबार पेरणीला काका आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावर नारळ घेऊन उभे होते.

"आता तरी फोड," ते म्हणाले.

"आता तरी सोडा," मी म्हणालो.