विलूच्या डबीतला कापूस

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडे नाना, माझे वडील. म्हणाले, "विलू पडलाय. लागलं नाय काही, पण डोकं दुखतंय म्हणतो. दवाखान्यात आणलाय, तू ये." लागलं नाही काही... आमच्या घरात या शब्दांवर कुणी कधी विश्वास ठेवला नाही. भाजी तशीच टाकून मी रिक्षा पकडली. दवाखान्यात पोचले तेव्हा माझा धाकटा भाऊ शुद्धीवर होता. "ताई, केसात मेथीची काडी अडकलीय तुझ्या," एवढं म्हणाला. ते शेवटचं. फुलांच्या शेडमध्ये ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला होता. दुसऱ्या कुणाला टेंगूळ आलं असतं आणि आम्ही त्याला हसलो असतो. विलूच्या मेंदूत रक्त सुटलं आणि ते थांबलंच नाही. दीड महिना होत आला, मी अजून मेथी आणलेली नाही.

हिमोफिलिया हा शब्द आमच्या मळ्यात फार उशिरा आला. तोवर नाना सांगत, "पोराचं रक्त पातळ हाय." कळलं ते कान टोचताना. विलू मामाच्या मांडीवर, समोर सोनार, घरात पेढ्यांचा वास. एक कान टोचला आणि रक्त दुसऱ्या दिवशीही थांबेना. बाळी कापून काढावी लागली. दुसरा कान राहिला तो राहिलाच. कापलेली बाळी आणि न घातलेली बाळी, दोन्ही आईने सोनाराच्या लाल डबीत ठेवून दिल्या.

त्यात देवाचा विनोद बघा, आमचा मळा गुलाबाचा! नाना पहाटे दांड्या सोलायला बसत आणि बिनकाट्यांच्या तेवढ्या विलूपुढे ठेवत. तो त्यांच्या जुड्या बांधायचा आणि गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "काटे नसलेला गुलाब नाशकात फक्त आमच्याकडे." गुडघ्यात रक्त उतरलं की मात्र सगळं बंद. पाय उशीवर, वर बर्फ, आणि ओठ घट्ट मिटलेले. रक्तपेढीतून पिशवी मिळेपर्यंत आई नुसती त्याच्या पायाशी बसून राहायची. त्या गुडघ्याने पुढे वाकणंच सोडून दिलं.

नव्वदीच्या दशकात माझं लग्न झालं. यजमान अंबडला कारखान्यात. मुलाबाळांचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी बोलला तो विलू. "ताई, हे आईकडून येतं म्हणतात. तू तपासून घे." आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. विलूचा चौकोन त्यांनी काळा भरला. आईच्या गोलात एक ठिपका दिला, म्हणजे तिला स्वतःला आजार नाही पण मुलाला देऊ शकते, आणि माझ्या गोलात प्रश्नचिन्ह. "बघ, एकटा मीच भरलेला. बाकी सगळे रिकामे," विलू म्हणाला. आई मात्र त्या ठिपक्याकडे बघत राहिली. बाई तिला म्हणाल्या, "मावशी, यात तुमची चूक नाही. हे कुणी ठरवून देत नाही." आईने मान हलवली, पण मला नाही वाटत तिला ते कधी पटलं.

माझं नक्की कळायला विलूचं रक्त लागणार होतं, माझं त्याच्याशी ताडून बघायचं होतं. ज्याच्यासाठी सुई म्हणजे संकट, त्याने बाही वर केली. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्याचं कोपर काळंनिळं होतं. माझ्या गोलातही ठिपका निघाला.

मग दिवस राहिले. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर लगेच करायला हवी होती. मी जाईना. विलूवर ओरडले, "तुझ्यासारखा नको, हे सांगायला मी मुंबईला जाऊ?" तो गुडघा चोळत बसला होता. म्हणाला, "तू मला नको म्हणत नाहीस ताई. या गुडघ्याला नको म्हणतेस." मी गेले. बाळ मुलगा होता, आणि त्याला तेच होतं. यजमानांनी आणि मी ठरवलं... ते इथे लिहिता येत नाही.

आरामाला मळ्यात आले, तर विलू माझ्या खोलीकडे फिरकेना. एका दुपारी आला, पलंगाच्या कडेला बसला. "बरोबर केलंस," म्हणाला. आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. "पण मी सांभाळला असता गं त्याला. मला सगळं माहीत होतं ना... बर्फ कधी लावायचा, पाय कसा ठेवायचा. मला सगळं येत होतं." त्याच्या त्या रडण्यापुढे मला माझं दुःख विसरायला झालं.

पुढे निखिल झाला. तपासणीत निर्दोष निघालेला. या घरात आता कुणाचे कान टोचायचे नाहीत, असं आईने बजावलं होतं. विलू ऐकेना. "मामा मी आहे. मांडी माझी." सोनाराकडून त्याने ती कापलेली बाळी सांधून आणली, न घातलेली दुसरी डबीत होतीच. गुडघा वाकत नव्हता, म्हणून पलंगावर पाय लांब करून बसला आणि निखिलला मांडीवर घेतलं. सोनाराने सुई घातली. पोराने टाहो फोडला. एक थेंब आला, विलूने कापसाचा बोळा दाबला. मग दुपारभर तो बोळा हातात धरून बसून राहिला, जेवलासुद्धा नाही. रक्त परत आलं नाही. संध्याकाळी त्याने मला हाक मारली. "ताई, एवढंच आलं. एवढंच!" तो बोळा त्याने रिकाम्या झालेल्या लाल डबीत ठेवला.

पुढे घरी कुणीही येवो, चहाच्या आधी डबी यायची. "बघा, एवढंच आलं होतं." निखिल मोठा झाला तसा लाजायला लागला. "मामा, परत नको ना!" म्हणून पळायचा. आजाराच्या मुळावरच इलाज करायची खटपट परदेशात चालली आहे, असं विलूने पेपरात वाचलं होतं. "आपल्याकडे येईपर्यंत माझा गुडघा म्हातारा होईल, पण येईल गं," म्हणायचा. गुडघा म्हातारा व्हायलाही तो थांबला नाही.

परवा लांबचे पाहुणे मळ्यात भेटायला आले. मी चहा टाकायला उठले. तेवढ्यात निखिल आतून आला, विलूच्या फळीवरची लाल डबी हातात घेऊन. पाहुण्यांसमोर त्याने ती उघडली. "बघा," म्हणाला, "एवढंच आलं होतं."

मला चहा टाकता आला नाही.